टँकरचा तळ

२०२० सालच्या पाडव्याच्या आदल्या रात्री दोनच्या सुमारास माझा फोन वाजला. चुलत पुतण्याचा होता. "नाना, रस्त्यात काट्या काहून टाकल्या? गाडी निघंना."

काट्या बाभळीच्या होत्या आणि टाकणाऱ्या आठ-दहा जणांत मीही होतो. संध्याकाळीच टाकल्या होत्या. रात्री आठला पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं की बारा वाजल्यापासून सगळा देश एकवीस दिवस बंद. पुतण्या पुण्याजवळ चाकणला कंपनीत कामाला. त्यानं दुपारीच बायको आणि तीन वर्षांचं लेकरू मोटारसायकलवर बसवलं होतं. नगर, औरंगाबाद, आडवाटा, पोलिसांच्या काठ्या चुकवत तो वाडीच्या शिवारात पोचला, तर पुढं आमच्या काट्या.

आमची वाडी राजूरपासून पायी तासाभराच्या वाटेवर आहे. राजूर म्हणजे भोकरदन तालुक्यातलं, राजुरेश्वर गणपतीचं. अंगारकीला जालन्याहून माणसं रात्रभर अनवाणी चालत येतात ते राजूर. आमचा बाजारहाट, बी-बियाणं, बँक सगळं तिथंच. त्या मार्चात मंदिराचं दार बंद झालं आणि म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा पटलं की हे काहीतरी खरं आहे. देव कोंडून घेतोय म्हणल्यावर माणसानं काय करावं, असं आमच्या पारावर कोणीतरी म्हणालं होतं.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मास्तर. शाळेची एक किल्ली अजून माझ्याकडं असायची. त्या रात्री काट्या बाजूला केल्या त्या पुतण्याला घरी न्यायला नाही, शाळेत न्यायला. गावाचं ठरलंच होतं, बाहेरून येईल त्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं. सातवीच्या वर्गात सतरंज्या टाकल्या. लेकरू झोपेतच होतं. मी पाच हातांवर उभं राहून त्याला म्हणालो, "गावाची इच्छा आहे, बाबा." माझी स्वतःची इच्छा काय होती हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढ्या उभ्या राहिल्या, पण कडुलिंबाचा पाला वाटायला कोणी कोणाच्या दारात गेलं नाही. पारावर अंतर ठेवून बैठक झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं, "त्याची टेस्ट करून आणा. टेस्ट चांगली निघाली तर घ्या गावात." मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. निकाल कागदावर येईल, भांडण मिटेल. मास्तरकीची सवय, कागद आला की मन स्वस्थ होतं.

टेस्ट कुठं होते, कशी होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मी फोन फिरवायला लागलो तेव्हा कळलं. नाका-घशातून काडीनं नमुना घ्यायचा, तो बर्फात ठेवून गाडीनं पाठवायचा. आधी हे नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जायचे, पुढं औरंगाबादला घाटीत जायला लागले. जालन्यात सोय नव्हती. राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आमच्याच जिल्ह्याचे, रोज टीव्हीवर राज्याचे आकडे सांगायचे. पारावर लोक म्हणायचे, मंत्री आपला, अन् तपासणी औरंगाबादला. हे बोलणं रागाचं होतं, पण त्याला पूर्ण न्यायाचं म्हणता येणार नाही. टंचाई सगळ्या देशात होती. मार्चच्या सुरुवातीला साऱ्या देशात मिळून पन्नासच्या आसपास प्रयोगशाळा ही तपासणी करत होत्या. किट बाहेरून मागवावे लागायचे. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला २३ मार्चला मान्यता मिळाली. देशात बनलेलं ते पहिलं. एका किटमध्ये शंभर तपासण्या. म्हणजे ज्या दिवशी पुतण्या पुण्याकडून निघाला, त्याच्या आदल्या दिवशी पुण्यात ही गोष्ट तयार झाली होती. ती आमच्या वाडीपर्यंत यायला अजून बराच काळ होता.

तपासणी कोणाची करायची याचा नियम दिल्लीहून यायचा, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडून. आधी फक्त परदेशातून आलेले, आणि ज्यांना रोग झाल्याचं सिद्ध झालंय त्यांच्या संपर्कातले, तेही लक्षणं असतील तर. २० मार्चला त्यात भर पडली. श्वासाच्या गंभीर आजारानं दवाखान्यात भरती झालेले आणि लक्षणं असलेले दवाखान्यातले कर्मचारी घेतले. रोग अजून समाजात पसरलेला दिसत नाही, सरसकट तपासणीची गरज नाही, अशी त्यामागची भूमिका.

हा नियम मी वहीत उतरवून घेतला होता. परत परत वाचला तर त्यात एक गंमत दिसायला लागली, गंमत म्हणायची नसेल तर काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. तपासणी हवी तर रोगी माणसाच्या संपर्कात आलेला पाहिजे. माणूस रोगी आहे हे कळायला त्याची आधी तपासणी झालेली पाहिजे. पुतण्या चाकणला एका खोलीत चार जणांच्या शेजारी राहायचा. त्या चौघांची तपासणी झाली नव्हती, म्हणून ते रोगी नव्हते, म्हणून हाही संपर्कातला नव्हता. नियमाप्रमाणं रोग विमानातून उतरायचा. आमच्या वाडीत विमान बघितलेली माणसं पुष्कळ, खालून.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख १६ मार्चला सगळ्या देशांना सांगत होते की तपासा, तपासा, तपासा. दक्षिण कोरियात लोक गाडीत बसूनच नमुना देऊन पुढं जात होते. आणि अमेरिकेत, एवढ्या पैशावाल्या देशात, सरकारनं फेब्रुवारीत वाटलेली तपासणीची किटंच सदोष निघाली आणि माणसं खोकत घरी बसली. आपल्याकडं पेपरात यायचं, अमुक पुढाऱ्याची टेस्ट निगेटिव्ह, तमुक नटाची निगेटिव्ह. त्या बातम्या वाचून आमच्या गावातली पोरं जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. खाजगी प्रयोगशाळेला सरकारनं ४५०० रुपयांपर्यंत घेण्याची मुभा दिली होती. आमच्याकडं बाईमाणसाची तेव्हाची रोजंदारी दोनशे-अडीचशे.

पुतण्याच्या आईला मी वहिनी म्हणायचो. चुलत भाऊ जाऊन बारा वर्षं झालेली. वहिनी रोज दोन वेळा शाळेच्या फाटकाशी भाकरी ठेवून यायच्या. ठेवायची आणि मागं सरायचं, असं ठरलं होतं. नातू खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून रडायचा. पहिले तीन-चार दिवस वहिनी मागं सरल्या. मग एक दिवस मी लांबून बघितलं, त्या गजाशी उभ्या होत्या आणि नातवाचा हात त्यांच्या गालावर होता. मी तोंड फिरवून घरी गेलो. मास्तर म्हणून हटकायला पाहिजे होतं का? याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

दहाव्या दिवशी वहिनींना ताप आला. खोकला त्यांना जुनाच होता, चुलीचा. पण हा वेगळा आहे असं त्या स्वतःच म्हणाल्या. मी रुमाल बांधला, त्यांना मोटारसायकलवर बसवलं आणि जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नेलं. कोणत्या ते लिहीत नाही. त्या दवाखान्याची त्यात चूक होती असं मला वाटत नाही. डॉक्टर पोरगेलासा होता. अंगावर पावसाळी रेनकोट, एप्रिलच्या उन्हात, कारण दुसरं काही त्याला मिळालेलं नव्हतं. घामानं निथळत होता.

"परदेशातून कोणी आलंय का, आजी?"

"आलंय की. मपलं पोरगं आलंय पुण्याहून."

"पुणं परदेश नाही, आजी."

"आम्हाला तेवढंच लांब हाय, बाबा."

तो हसला, वाईट नाही हसला. पुण्यात कोणा पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात होता का, विचारलं. मी सांगितलं, माहीत नाही. पोराला काही त्रास? नाही. दम लागतोय? तेव्हा लागत नव्हता. त्यानं तापाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी म्हणालो, "डॉक्टर, टेस्ट करा ना." तो म्हणाला, "गरज नाही. नियमात बसत नाही." मी आवाज चढवला. चाळीस वर्षं ज्यांना शिकवलं तसल्याच एका पोरावर मी ओरडलो. तो गप्प राहिला, पुढचा पेशंट बोलावला.

बाहेर गाडीपाशी त्याच दवाखान्यातला एक माणूस सिगारेट ओढत उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, कशाला भांडता? काड्याच मोजून आहेत. भरती झालेल्यालाच पुरंनात."

हे वाक्य आत डॉक्टर बोलला असता तर मी ओरडलो नसतो. हे मला त्या दिवशी कळलं नाही, पुष्कळ दिवसांनी कळलं, आणि कळलं ते दुष्काळाची आठवण निघाली तेव्हा.

२०१३ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यानं फार वाईट काढला. गावाला टँकरनं पाणी. टँकर आला की घागरी, हंडे, प्लास्टिकचे कॅन, बायकांची ढकलाढकली, डोकी फुटायची. मग एका म्हाताऱ्यानं एक गोष्ट सुरू केली. टँकर आला की तो वर चढायचा, झाकण उघडायचा, काठी बुडवायचा आणि ओली काठी सगळ्यांना दाखवायचा. एवढं पाणी आहे. एवढी घरं आहेत. मग बाळंतिणीच्या घराला दोन घागरी जास्त दिल्या तरी कोणी हूं केलं नाही. पाणी वाढलं नव्हतं. काठी दिसत होती एवढंच. पुढं एकदा टँकरवाल्यानं झाकण उघडू दिलं नाही, "तुमच्या गल्लीला पुरेल एवढं दिलंय, जास्त लागत नाही तुम्हाला," म्हणाला, तेव्हा त्याला लोकांनी खाली ओढला. मीही त्या लोकांत होतो, फक्त हात लावला नाही.

"आमच्याकडं नाही" आणि "तुम्हाला गरज नाही" ही दोन वाक्यं मला तेव्हापासून छळतात. पहिल्यात बोलणारा उघडा पडतो. दुसऱ्यात ऐकणारा. पहिलं ऐकलं तर माणूस हळहळेल, संतापेल, पण स्वतःची व्यवस्था स्वतः लावेल. आपल्याला रोग असू शकतो असं धरून वागेल. दुसरं ऐकलं की तो दोनपैकी एक करतो. एक तर विश्वास ठेवतो आणि निर्धास्त होतो, नाहीतर विश्वास ठेवत नाही आणि मग पुढचं काहीच मानत नाही. आमच्या वाडीत दोन्ही झालं.

सरकारची बाजू मी समजून घेतलेली आहे. थोड्या तपासण्या आहेत तर जो मरणाच्या दारात आहे त्याच्यासाठी राखा, हे बरोबरच. पहिल्या दिवसांत काडी घातली तर रोग असूनही निगेटिव्ह येऊ शकतं, हेही मी नंतर वाचलं. पुतण्याचा असा निगेटिव्ह कागद आला असता तर गावानं तो परवान्यासारखा वापरला असता आणि चौदाऐवजी चार दिवसांत त्याला घरात घेतलं असतं. लोकांत भीती पसरू नये असंही वरच्यांना वाटलं असेल. पण भीती पसरलेलीच होती. तपासणी नसली म्हणून गाव तपासायचं थांबलं नाही. कोण पुण्याचा, कोण मुंबईचा, कोण खोकला, कोणाच्या दारात औरंगाबादची गाडी थांबली. दिल्लीच्या नियमापेक्षा आमचा नियम जास्त कडक, आणि त्याला कुठली प्रयोगशाळा लागत नव्हती.

माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडला की कोणाला विचारायची गरज नसायची. सगळं गाव रानात जायचं, झोपड्या टाकायचं. पाटलाच्या वाड्यात पडो की शेवटच्या झोपडीत, मेलेला उंदीर सगळ्यांना सारखाच दिसायचा. मरण आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं, ते दिवस परत यावेत असं कोण म्हणेल. पण कळण्यासाठी ओळख लागत नव्हती.

दवाखान्यातून परत येताना वहिनी मागून विचारत होत्या, "भावजी, काय म्हणला डाक्टर?"

मी म्हणालो, "काही नाही झालं तुम्हाला. टेस्टची गरजच नाही म्हणाले."

हे वाक्य मी बोललो. डॉक्टरचं वाक्य मी उचललं, त्याला आणखी गोड केलं आणि त्यांना दिलं. त्या सिगारेटवाल्या माणसाचं वाक्य माझ्या कानात होतं, ते दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवायचं, असं मी मनाला सांगितलं. त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला, रात्री नऊ वाजता सगळ्यांनी दिवे लावायचे होते. वहिनी अंगात ताप असताना शाळेच्या फाटकाशी पणती घेऊन गेल्या आणि तेवढ्या उजेडात नातवाला ओवाळून आल्या. काही झालेलंच नव्हतं ना.

त्याच आठवड्यात जालना शहरात पहिला रुग्ण सापडल्याची बातमी आली. हनुमान जयंतीच्या रात्री वहिनींना दम लागला. १०८ ला फोन केला. गाडी निघाली होती म्हणतात. पहाटे वहिनी गेल्या.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण तिच्यावरून गावात अजून बोललं जातं. त्या कोरोनानं गेल्या हे कोणालाच माहीत नाही. दम्यानं गेल्या असतील. चुलीच्या धुरानं आधीच खाल्लेलं काळीज तापानं थांबलं असेल. घरी गेलेल्या माणसाचा नमुना कोणी घेतला नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत वृद्धापकाळ लिहिलं, वय सहासष्ट. पण गावानं निकाल त्याच सकाळी दिला. तिरडीला खांदा द्यायला माणूस निघेना. पुतण्या, मी, माझा मुलगा आणि एक परजातीचा गडी, जो वहिनींच्या शेतात राबायचा, असे चौघं. पुतण्याला तेव्हा शाळेत सोळावा दिवस चालू होता; चौदा संपून गेलेले, पण त्याला बाहेर काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाया दारातून बघत होत्या. एकीनं म्हणलेलं मी ऐकलं, "आईला खायला आला पुण्याहून." त्यानंही ऐकलं.

उन्हाळा गेला. जूनमध्ये अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन तपासणी आली, पुढं जालन्यातही प्रयोगशाळा झाली, आणि सप्टेंबरात आरोग्य खात्याची माणसं गावोगाव फिरून तपासायला लागली. तेव्हा आमच्या वाडीतली माणसं मक्यात लपून बसली. पारावर टेस्ट करा, टेस्ट करा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा गृहस्थ त्या दिवशी मोसंबीच्या बागेत मोटारीच्या खोपटात सापडला. पॉझिटिव्ह आलो तर गाडीत घालून नेतील, घराला बांबू लावतील, सोयाबीन कोण काढील? त्याचं खोटं नव्हतं. पण मला मार्चची बैठक आठवली. तेव्हा कोणीही स्वतःची टेस्ट मागितली नव्हती. मीसुद्धा नाही. आम्हाला कळून घ्यायचं होतं ते दुसऱ्याबद्दल. त्याला गावात घ्यायचं का नाही, एवढंच आम्हाला त्या काडीला विचारायचं होतं.

वर्गात पोरगं काही विचारायचं आणि मला येत नसायचं, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत मी म्हणायचो, "हे परीक्षेला नाही." पोरं लगेच वही मिटायची. पुढं एका शिक्षणाधिकाऱ्यानं हे पकडलं आणि मला एकट्याला बोलावून रागावला. तेव्हापासून "मला माहीत नाही, उद्या बघून सांगतो" म्हणायला शिकलो. वर्गात शिकलो. घरात, रस्त्यावर, मोटारसायकलवर मागं आजारी माणूस बसलेलं असताना नाही शिकलो.

पुतण्या परत चाकणला गेला नाही. वहिनींची तीन एकर करतो. माझ्याशी बोलणं त्यानं तोडलं नाही, पण त्या दिवसांचा विषय चार वर्षं निघाला नाही. एका संकष्टीला त्याच्याच गाडीवर राजूरला गेलो होतो. दर्शन झालं. खाली उतरताना पायरीवर टेकलो, माझे गुडघे आता साथ देत नाहीत. त्यानं चपला शोधून आणल्या आणि माझ्यापुढं ठेवत विचारलं, "नाना, आईला माझ्यामुळंच झालं का हो?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, तुझा काही दोष नाही, बाबा. अगदी ओठावर आलं होतं.

मी म्हणालो, "सांगता येत नाही. तपासलंच नाही. तेव्हा तपासायच्या काड्याच नव्हत्या, अन् हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तुझ्या आईला गरज नाही म्हणून सांगितलं."

तो बराच वेळ खाली बघत राहिला. रांग आमच्या बाजूनं वर चालली होती, कोणीतरी मोरया म्हणलं, मागचे म्हणाले.

"नाना," तो म्हणाला, "त्या रात्री मव्हाबी घसा दुखत होता. शाळेत दोन दिवस दुखला. कोणाला सांगितलं नाही."

"काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय? टेस्ट तर होणार नव्हती. तुम्ही काट्या काढल्या नसत्या."

मी चपला घातल्या. त्यानं हात दिला, मी उठलो. गाडी खाली दुकानांच्या पलीकडं लावलेली होती. वाटेत त्यानं लेकरासाठी पेढे घेतले.